दिसत नाही तो वायू ओळखावा कसा?
अग्निशामक दलाची शोधक साधने आणि खेड्यातील दक्षता

माटुंगा म्हटले की रेल्वेचा कारखाना आणि दाट वस्ती डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु गोबरगॅसच्या इतिहासातही माटुंग्याचे नाव आहे. १८९७ साली येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमातील मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली व त्या वायूवर इंजिन चालविण्यात आले. तोच वायू आज अनेक शेतकऱ्यांच्या घरी चूल पेटवितो. मात्र तोच वायू बंद खड्ड्यात कोंडून राहिला, तर माणसाचा प्राण घेतो.

गोबरगॅसच्या टाकीत, मैल्याच्या खड्ड्यात अथवा जुन्या पडीक विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, भावाच्या मागे शेजारी उतरतो आणि एका घटकेत दोन-तीन घरांवर आकाश कोसळते. अशा वेळी अग्निशामक दलाचा जवान मात्र लगेच उतरत नाही. तो आधी हवा तपासतो. ही तपासणी कशी होते, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नाक आणि कंदील यांची मर्यादा

गोबरगॅसमध्ये मुख्यत्वे मिथेन, त्याखालोखाल कार्बन डाय-ऑक्साइड आणि थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो. पहिल्या दोहोंना वास नाही. तिसऱ्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणून वायू गेला असे मानणारा माणूस अशा वेळी फसतो.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे खरेच. परंतु तो जळत राहिला म्हणजे धोका नाही, असे नव्हे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास घसरल्यावर ज्योत विझते. विषारी वायूची मात्र ज्योतीला दादही नसते. शिवाय मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळलेला असेल, तर त्याच ज्योतीने स्फोट होतो. म्हणून गोबरगॅसच्या टाकीत कंदील कदापि सोडू नये.

वायुशोधक यंत्राचे कार्य

अग्निशामक दलाच्या नेहमीच्या वापरातील वायुशोधक यंत्र हातात मावेल एवढे असते. त्यात बहुधा चार शोधक असतात : प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांसाठी प्रत्येकी एक. प्राणवायू व विषारी वायूंच्या शोधकांत लहानसा विद्युत्-रासायनिक घट असतो. वायू आत शिरला की त्याच्या प्रमाणात विजेचा प्रवाह उत्पन्न होतो व आकडा उमटतो. ज्वालाग्राही वायूच्या शोधकात तापलेला मणी असतो. त्यावर वायू जळला की मणी अधिक तापतो, त्याचा विद्युत्-रोध वाढतो आणि त्यावरून प्रमाण कळते.

यंत्र वाचण्याचाही क्रम आहे. प्रथम प्राणवायू पाहावयाचा. कारण तो फार कमी असेल, तर मण्यावर वायू नीट जळत नाही आणि आकडा खोटा ठरतो. सामान्यतः प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली उतरताच यंत्र इशारा देते. मिथेन हवेपेक्षा हलका, तर कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड जड. म्हणून नळी सोडून वरची, मधली व तळाची अशी तिन्ही ठिकाणची हवा तपासतात. इतके करूनही जवान पाठीवर शुद्ध हवेचे नळकांडे व तोंडावर मुखवटा घेऊनच उतरतो.

पाटी वाचणे हाही शोधच

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गाठी व सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती. धोक्याचे लाल निशाण जहाजावर लावलेले नव्हते आणि दाट धुरामुळे आगीचे मूळही सापडेना. शेवटी स्फोट झाले व अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. धुराआडची उष्ण जागा दाखविणारा कॅमेरा आज उपलब्ध आहे. परंतु माल कोणता, हे सांगणाऱ्या खुणेची जागा एकटा कॅमेरा घेऊ शकत नाही.

याचसाठी घातक रसायनांच्या टँकरवर माहितीची पाटी लावणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. पाटीवरील चार आकडी क्रमांकावरून पदार्थ कळतो : १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. त्याच पाटीवरील संकेतात आरंभी ४ हा अंक असेल, तर पाणी न मारता कोरडे साधन वापरावयाचे असते.

आपल्या कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण हीही अशीच पाटी होय. लाल रंग सर्वाधिक विषारी औषधाचा. धान्य साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फीन हा विषारी व ज्वालाग्राही वायू सुटतो. खोलीत हे औषध आहे हे ठाऊक नसेल, तर आग विझविण्यासाठी मारलेले पाणीच घातक ठरते.

गावाने काय करावे?

१. टाकीत, खड्ड्यात वा पडीक विहिरीत हवा तपासल्याविना कोणी उतरू नये.
२. आत कोणी पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.
३. तेथे विडी, काडेपेटी वा कंदील नेऊ नये.
४. औषधे मूळ डब्यातच ठेवावीत व लेबल फाडू नये. बिनखुणेचा जुना डबा उघडून हुंगू नये.
५. गोदामात कोणती औषधे व खते आहेत, याची यादी बाहेर घरी ठेवावी आणि जवान येताच त्यांच्या हाती द्यावी.
६. टँकर उलटल्यास वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून दूर उभे राहावे व पाटीवरील क्रमांक फोनवर सांगावा. पाटी वाचण्यासाठी जवळ जाऊ नये.

खेड्यात वायुशोधक यंत्र पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर गावकऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात : पदार्थाचे नाव सांगावे आणि दुसऱ्या माणसाला आत उतरू देऊ नये. बुडत्याला हात देण्याची आपली रीत थोर आहे. परंतु येथे हवा तपासेपर्यंत थांबणे हीच खरी मदत होय.