कोपऱ्यातलं अक्षर

सकाळी ७.३०. फाटकावरच्या टपरीवर चहा घेऊन प्रयोगशाळेत येते. रात्रभर सर्व्हरवर आमच्या मॉडेलचं ट्रेनिंग चालू होतं. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचा संशय आहे की नाही, एवढंच त्याने सांगायचं. निकाल उघडला. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर! आनंद व्हायला हवा, पण पोटात गोळा आला. आमच्या कामात इतकं चांगलं सहसा खरं नसतं.

८.१५. मॉडेल चित्रात नेमकं कुठे पाहतंय, ते रंगवून काढलं. फुप्फुसातल्या क्षयाचे डाग बहुधा वरच्या शेंड्याकडे दिसतात, म्हणून लाल रंग तिथे हवा. तो होता कोपऱ्यात, डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ ठेवतात त्या शिशाच्या अक्षरावर. आमचे रुग्ण जवळजवळ सगळे एकाच रुग्णालयातले, निरोगी माणसं दुसरीकडची, आणि दोन्हीकडचं अक्षर वेगळं. मॉडेलने क्षय ओळखलाच नव्हता, रुग्णालय ओळखलं होतं. अमेरिकेत २०१८ साली न्यूमोनियाच्या एक्स-रेंवर संशोधकांना असाच प्रकार दिसला होता. ते मी वाचलेलं होतं, तरी फसले.

१०.००. खात्रीसाठी चीनमधल्या शेन्झेनचे ६६२ एक्स-रे मॉडेलपुढे ठेवले. हे सगळ्यांसाठी खुले आहेत. गुण धाडकन खाली.

११.३०. रेडिओलॉजीच्या मॅडमना फोन. त्या रागावल्या नाहीत. "अगं, फुप्फुसाबाहेरचं सगळं झाकून टाक आणि मग विचार त्याला. आणि निरोगी माणसांचे एक्स-रे त्याच रुग्णालयातून माग."

जेवण टेबलावरच.

२.००. आमच्या सरांबरोबर हिशेब. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांच्या आणि त्यावरच्या लोकांच्या क्षय-चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. पण संशयाची रेघ कुठे ओढायची, हे त्या त्या ठिकाणी ठरवावं लागतं. समजा, गावातल्या हजार जणांत दहा आजारी आहेत. शंभर रुग्णांतले नव्वद पकडणारं आणि शंभर निरोगी माणसांतल्या सत्तरांना मोकळं सोडणारं यंत्र एकाला घरी पाठवेल आणि २९७ निरोगी माणसांना थुंकी तपासायला बोलावेल. त्या २९७ जणांची रोजी बुडेल, हे मला दिसतं. पण घरी गेलेला तो एकजण खोकत राहील, घरातल्या पोरांना लागण होईल. मी रेघ खाली ओढायला सांगितली, म्हणजे थोडा संशय आला तरी बोलावायचं. सर अजून विचारात आहेत.

५.००. फक्त फुप्फुसं ठेवून नवं ट्रेनिंग सुरू.

६.३०. मॅडमनी फोन ठेवता ठेवता एक एक्स-रे पाहायला सांगितला होता. नाव काढून टाकलेलं, फक्त 'स्त्री, ४२'. जुन्या मॉडेलने निरोगी म्हटलेली. थुंकीत मात्र जंतू सापडलेले. बराच वेळ मला काहीच दिसेना. मग उजव्या हासळीच्या हाडाआड बारीक, धुरकट सावली दिसली. तिच्याभोवती बारीक रेघ काढली आणि फाइल वेगळी ठेवली. सकाळी नवं मॉडेल तयार झालं की पहिली हीच दाखवायची.