माघाअखेरची तोडणी

कडक थंडीच्या देशांत वसंताची चाहूल लागते तेव्हा भाजीच्या बागेत पहिला पाला नुकता दिसू लागलेला असतो. नाशिकमध्ये मात्र माघ आणि फाल्गुन, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारी व मार्च, हे परसबागेच्या सर्वांत भरघोस आणि त्याच वेळी अखेरच्या तोडणीचे महिने असतात, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरलेल्या बहुतेक भाज्या या काळात हाताशी येतात आणि मागून येणारे ऊन त्यांना फार दिवस थांबू देत नाही. सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून अंदाजे 600 मीटर उंचीवर वसलेल्या या शहराचा हिवाळा महाराष्ट्राच्या मानाने चांगलाच थंड असतो, जवळच्या निफाडला तर पारा काही वर्षी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. मात्र मार्चमध्ये दुपारचे तापमान 35 अंशांच्या आसपास पोहोचते आणि डिसेंबरात जेमतेम 11 तासांचा असलेला दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 12 तासांचा होतो. वाढते ऊन आणि वाढता दिवस या दोन बदलांची दखल वनस्पती माणसाच्या आधी घेतात, आणि परसबागेतील तोडणीचे सारे कसब ही दखल वेळेवर ओळखण्यात आहे.

ती सर्वांत आधी पालेभाज्यांवर दिसते. पाने फुटण्याचे काम मंदावून रोपाच्या मधोमध उंच दांडा उभा राहू लागला की भाजी फुलावर आली असे म्हणतात. कांद्यातील अशा दांड्यांना नाशिकचे शेतकरी डेंगळे म्हणतात; तिथे मात्र उन्हापेक्षा आधी सोसलेली थंडी अधिक कारणीभूत असते. कोथिंबिरीत खालची रुंद पाने संपून वर बडीशेपेसारखी बारीक, चिरलेली पाने येऊ लागली की आठवडाभरात पांढऱ्या फुलांचे झुपके दिसतात. मेथीची पाने लहान आणि कडवट होतात. आपल्याकडचा पालक वनस्पतिशास्त्रानुसार बीटाच्याच जातीतला, पाश्चात्त्य देशांतील पालकाहून वेगळा असून तो बराच काळ तग धरतो. बाहेरची पाने देठासकट मोडून मधला कोंब राखला तर त्याचे अनेक तोडे मिळतात. मेथीच्या बाबतीत दोन पद्धती आहेत. दाट फोकून पेरलेली मेथी मुळासकट उपटून विरळ करतात, आणि ओळीत लावलेली मेथी बोटांनी खुडतात. खुडताना खालची दोन-तीन पेरे राखली तर त्यांच्या बेचक्यांतून पुन्हा फूट येते. उन्हे चढण्याआधी तोडावे हा नियम मात्र सर्व पालेभाज्यांना सारखाच लागू आहे, कारण रात्रभरात पेशींत भरलेले पाणी दहाच्या सुमारास उडू लागते, आणि एकदा मान टाकलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळूनही पहिल्यासारखी ताठ होत नाहीत.

मुळा, गाजर, बीट या कंदमुळांसाठी पानांइतकेच मातीकडे लक्ष द्यावे लागते. नाशिकच्या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात, त्यामुळे ओली असताना ती हाताला चिकटते आणि कोरडी झाली की दगडासारखी घट्ट होऊन भेगाळते. या दोन अवस्थांच्या मधली, मूठ दाबली असता ढेकूळ बनावे पण हाताला चिखल लागू नये अशी जी स्थिती असते तिला वापसा म्हणतात, आणि कंदमुळे काढायची ती वापशावरच. भरड मातीच्या वाफ्याला आदल्या संध्याकाळी दिलेले पाणी पुरते. भारी काळ्या मातीत दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते. घाई करून कोरड्या वाफ्यातून गाजर ओढले तर पाला हातात येतो आणि गाजर जमिनीत राहते. फेब्रुवारी उलटेपर्यंत राहिलेला मुळा आतून पोकळ आणि तंतुमय होतो, तरी तो वाया जात नाही. त्याला फुले येऊन धरणाऱ्या कोवळ्या, तिखट शेंगांना डिंगऱ्या म्हणतात, आणि त्यांची भाजी याच दिवसांत होते. बाजारात त्या क्वचितच दिसतात, कारण विक्रीसाठी लावलेला मुळा तिथवर ठेवलाच जात नाही. परसबाग असणाऱ्या घरालाच मिळावी अशी ही भाजी आहे.

शेंगवर्गात वेळेचे भान आणखी काटेकोर लागते. वाटाण्याची शेंग तोडल्याबरोबर दाण्यातील साखर कमी होऊन पिष्ट वाढू लागते, म्हणून घरच्या वाटाण्याची खरी गोडी तोडल्यापासून काही तासच टिकते. फेब्रुवारीत त्याच्या पानांवर पांढऱ्या पिठासारखा थर दिसू लागतो. ही भुरी द्राक्षबागांमुळे नाशिककरांच्या ओळखीची आहे, मात्र द्राक्षावरील बुरशी आणि वाटाण्यावरील बुरशी या वेगवेगळ्या जाती आहेत आणि एकीपासून दुसरीला लागण होत नाही. वालाचे पारंपरिक वाण लहान दिवसांत फुलणारे असल्यामुळे दिवस वाढू लागला की त्यांचा बहर ओसरतो आणि वेलावर धरलेल्या शेंगा निबर होऊ लागतात. हरभऱ्याचे दोन-चार वाफे असतील तर त्यांचे तीन टप्प्यांत तीन उपयोग होतात: पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात शेंडे खुडून भाजी, ज्यामुळे झाडाला फांद्याही अधिक फुटतात, मग घाटे भरले की हिरवे दाणे म्हणजे सोलाणे, आणि शेवटी वाळलेला हरभरा. खुडताना बोटांना लागणारा आंबटपणा पानांवरील सूक्ष्म लवेतून पाझरणाऱ्या मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांचा असतो. पहाटे पिकावर फडके फिरवून दवाबरोबर टिपलेली ही आंब पोटदुखीवर देण्याची रीत जुनी आहे.

टोमॅटोविषयी थोडक्यात सांगता येते: फळाच्या खालच्या टोकाचा हिरवा रंग पालटू लागला की ते तोडून सावलीत पिकवावे, कारण 30 अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि झाडावर ठेवलेले फळ पिवळट राहते. शेवग्याला मात्र हेच ऊन मानवते. त्याच्या शेंगा फेब्रुवारीपासून लांबू लागतात, आणि लाकूड ठिसूळ असल्यामुळे झाडावर न चढता बांबूला बांधलेल्या आकडीने त्या काढतात.

या दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र न तोडण्याचे आहे. पुढील वर्षाचे बियाणे ज्या झाडांवर धरायचे ती झाडे आताच निवडावी लागतात, आणि बहुतेक घरांत नेमके इथे चुकते: चांगले ते खाल्ले जाते आणि उरलेसुरले, उशिरा आलेले, किडके झाड बियांसाठी सोडले जाते, त्यामुळे वर्षानुवर्षे वाण खालावत जाते. योग्य रीत याच्या उलट आहे. सर्वांत जोमदार वालवेलाच्या पहिल्या बहरातील शेंगांना सुतळी बांधून त्या वाळेपर्यंत हात लावू नये, आणि कोथिंबीर, मेथी, पालक यांचे बी सर्वांत उशिरा फुलावर आलेल्या रोपांचे धरावे, म्हणजे पुढील पिढीत पानांचा हंगाम लांबतो. वाल, वाटाणा, मेथी यांत बहुतांशी स्वपरागीभवन होते, म्हणून मोजकी झाडे पुरतात. मुळ्याच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, त्यामुळे एकटा ठेवलेला मुळा फुलतो पण बी नीट धरत नाही. संकरित बियाण्याच्या पाकिटातून उगवलेल्या झाडाचे बी राखण्यात अर्थ नाही, कारण त्याची संतती एकसारखी निपजत नाही.

हे ज्ञान पुस्तकांपेक्षा घराघरांतील स्त्रियांनी अधिक जपले आहे. नाशिक जिल्ह्याला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक भाज्यांचे आणि धान्यांचे गावरान वाण आपल्या परसातून आणि परिसरातून गोळा करून टिकवले, ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने बीजबँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसातला एखादा वाल निव्वळ एका घराच्या आवडीमुळे पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो, आणि तो शास्त्रज्ञांनाही अन्यत्र सहजी मिळत नाही, ही त्यांच्या कामातून दिसलेली गोष्ट परसबागेकडे केवळ छंद म्हणून पाहणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी.

बियांसाठी राखलेली धन्या-मुळ्याची फुले होळीपर्यंत मधमाश्यांनी आणि ढालकिड्यांनी गजबजलेली असतात, आणि ढालकिडे व त्यांच्या अळ्या शेजारच्या वालावरील मावा खाऊन फस्त करतात. शेंगा खुळखुळू लागल्या की त्या सकाळी, दवाने किंचित मऊ असताना तोडाव्यात, म्हणजे तडकून बी सांडत नाही. बी सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात भरतात. वाटाण्याचे आणि हरभऱ्याचे वेल-झाड उपटण्याऐवजी जमिनीलगत विळ्याने कापावे, कारण मुळांवरील गाठींमध्ये साठलेला नत्र मातीतच राहायला हवा. त्या रिकाम्या वाफ्यात लगोलग गवार, भेंडी आणि काकडी टोकता येते.