विश्लेषण : वाघोलीच्या नळाला पाणी येते कुठून? प्राथमिक शाळेतल्या मुलांना हे कसे शिकवायचे?

शाळेत 'पाणी वाचवा' या विषयावर चित्र काढायला सांगितले की बहुतेक मुले ठिबकणारा नळ काढतात. वाघोलीतल्या अनेक मुलांच्या घरी मात्र त्या नळामागे टँकर असतो किंवा सोसायटीची बोअर. आपले पाणी नेमके कुठून येते हे कळल्याशिवाय ते जपण्याचा धडा अर्धाच राहतो. तिसरी ते पाचवीच्या मुलांना हे सोप्या प्रयोगांतून शिकवता येते. कसे, ते समजून घेऊ.

पुस्तकातले पाणी आणि वाघोलीतले पाणी वेगळे कसे?

परिसर अभ्यासात मुले नदी, धरण, जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी आणि घरातला नळ हा क्रम शिकतात. पुण्याच्या जुन्या भागाला तो लागू पडतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणण्याची योजना जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ३० जून रोजी वाघोलीसह २३ गावे महापालिकेत आली. मात्र इमारती वाढल्या त्या वेगाने जलवाहिन्यांचे जाळे वाढले नाही. त्यामुळे इथला क्रम अनेकदा बोअर किंवा टँकर, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि मग नळ असा असतो.

टँकरचा हिशेब मुलांना जमेल का?

चौथीचा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चार जणांच्या घराला ५४० लिटर लागतात. शंभर घरांच्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच ते सहा टँकर. मग ठिबकणाऱ्या नळाखाली दहा मिनिटे पेला ठेवायचा. त्यात १०० मिलिलिटर पाणी जमले, तर दिवसाला १४ लिटरहून अधिक पाणी वाया जाते. हा आकडा मुलांनी स्वतः काढलेला असतो, म्हणून तो लक्षात राहतो.

गावाचा जलनकाशा कसा काढायचा?

वाघोलीच्या उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला मुळा-मुठा वाहते. पुढे मुळा-मुठा भीमेलाच मिळते. मधल्या पट्ट्यात ओढे, जुन्या विहिरी, वाघेश्वर मंदिराजवळचे तळे, भैरवनाथ तळे आणि दगडखाणींचे खड्डे आहेत. मोठ्या कागदावर आधी शाळा आणि पुणे-नगर रस्ता काढायचा. मग मुलांनी आपले घर, जवळची बोअर, ओढा आणि पावसात पाणी तुंबते ती जागा दाखवायची. गावात जुन्या काळापासून राहणाऱ्या आजी-आजोबांना विचारले, तर बुजलेला ओढा किंवा विहीरही नकाशावर येते. पाणी तुंबण्याची जागा आणि जुना ओढा एकाच ठिकाणी निघाला, तर कारण वेगळे सांगावे लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. खाणींचे खड्डे खोल असतात आणि त्यांच्या कडा निसरड्या. तळे-विहीर मोठ्यांसोबतच पाहावी. खाणीची नोंद फक्त कागदावर करावी.

जमिनीखालचे पाणी कसे दाखवायचे?

पुण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. तो स्पंजासारखा पाणी शोषत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पारदर्शक बरणीत खडी भरून रंगीत पाणी ओतावे आणि दोन नळ्या उभ्या करून त्यांना 'दोन सोसायट्यांच्या बोअर' म्हणावे. बिनसुईच्या सिरिंजने एका नळीतून पाणी ओढले की दुसरीतली पातळीही उतरते. बरणीवर प्लॅस्टिक घालून वरून पाणी ओतले, तर ते बाहेर सांडते. प्लॅस्टिक म्हणजे काँक्रीटचे आवार. भूजल सामाईक असते आणि आवार झाकले की त्याचे पुनर्भरण थांबते, या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत दिसतात.

पाऊस कशाने मोजायचा?

सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तो भाग उलटा बसवायचा. तळाशी खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाहेर पट्टी चिकटवायची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छत २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर एक लाख लिटर होतात. त्यातले ८० टक्के अडवले तरी आठ टँकर भरतात.

असे कुठे घडले आहे?

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावाने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे. शाळेतली मुलेही हा ताळेबंद शिकतात. वाघोलीत पिकांच्या जागी फ्लॅट आहेत, पण मोजणीची पद्धत तीच राहते.

पाण्याच्या शुद्धतेचे काय?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याचा संशय पुढे आला. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही, हे मुलांना सांगायलाच हवे. बोअर आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन सारखाच साबण घालून हलवले, तर फेसावरून जडपणा कळतो. जंतू मात्र प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतात.

मुलांच्या नोंदींमुळे जलवाहिनी येणार नाही. ते काम महापालिकेचे आहे. पण जून ते सप्टेंबरचे पावसाचे आकडे आणि सोसायटीत आलेल्या टँकरची संख्या शाळेच्या फलकावर शेजारी-शेजारी लागली, तर पालकसभेत दोन प्रश्न नक्की निघतील : आपल्या छताचे पाणी कुठे जाते, आणि टँकरचे पाणी कुठल्या विहिरीतून येते?