खवट दाणा आणि यकृत

यकृताचा विकार म्हटला की मनात प्रथम मद्य येते. परंतु ज्याने आयुष्यात दारूला स्पर्शही केलेला नाही, अशा शेतकऱ्याचेही यकृत बिघडते, आणि त्याचे एक कारण घरातल्या पोत्यात असू शकते.

काढणीच्या वेळी भिजलेल्या, नीट न वाळलेल्या भुईमुगावर व मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. दाणे भाजले, शिजवले तरी ते पुरते नष्ट होत नाही. १९७४ मध्ये असा मका खाल्ल्याने गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा जिल्ह्यांतील खेड्यांत कावीळ व जलोदराची साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली. इतके विष एकदम पोटात जाणे विरळा. पण थोडे थोडे वर्षानुवर्षे गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि अंगात हिपॅटायटिस-बी असल्यास कित्येक पटींनी.

आपली रीत अशी, की चांगला माल बाजारात, डागी घरात. त्यातलेही निवडून काढलेले काळपट, सुरकुतलेले दाणे आजी ‘वाया कशाला?’ म्हणून स्वतःच्या चटणीत कुटतात. आजी, ते फेकाच. दुभत्या गुरांनाही घालू नका. विषाचा अंश दुधात उतरतो. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत उन्हात वाळवावी आणि पोती ओलीपासून दूर, फळ्यांवर रचावीत.

डोळे पिवळे दिसले, पोट फुगले, पायांवर सूज आली, तर काविळीची माळ घालून दिवस मोजू नयेत. त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावे, हिपॅटायटिस-बीसाठीसुद्धा.