बारा व्होल्ट म्हणजे बारा वाजले

शिडाच्या होडीला वारा फुकट मिळतो, वीज मात्र मोजून वापरावी लागते. नांगर टाकून इंजिन बंद केलं की फ्रीज, रेडिओ, नांगरदिवा सगळं रात्रभर बॅटरीवर. मग व्होल्टमीटरवर श्रद्धा बसते, जरा जास्तच.

'बाराची बॅटरी, बारा दाखवतेय, म्हणजे ठणठणीत' हा सर्वांत चिवट गैरसमज. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास, १२.२ ला निम्मी आणि १२ ला जेमतेम पाव. (घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही हेच.) सगळा खेळ पाऊण व्होल्टाचा! ८ ते १६ आकडे छापलेला काट्याचा मीटर इथे शोभेचा. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा डिजिटलच हवा.

पण तोही कधी बघताय यावर सगळं आहे. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर १३ दिसतात. तो वरवरचा चार्ज, तासाभरात ओसरू लागतो. उलट नांगर उचलणारी विजेची मोटर ८०-१०० अँपिअर ओढते तेव्हा चांगली बॅटरीही साडेअकरापर्यंत वाकते आणि मोटर थांबली की सावरते. दोन्ही आकडे त्या क्षणापुरते. खरा आकडा काही तास ना चार्जिंग ना लोड असेल तेव्हाचा. होडीवर एवढी उसंत नसतेच, म्हणून पहाटे, सोलर पॅनेलवर ऊन येण्याआधी, फ्रीज थोडा वेळ बंद करून बघावं.

स्विच-पॅनेलच्या मीटरवर १२.४ आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला तर १२.७, असंही होतं. मधले तीन दशांश बारीक वायरने किंवा वायरच्या टोकाच्या लगखाली साचलेल्या हिरव्या थराने खाल्लेले असतात. बॅटरी बदलण्याआधी पॉलिश पेपर घ्या.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लावली की व्होल्टेजवरून अंदाज बांधणंच सोडावं. बराच काळ ती १३.२ च्या आसपासच राहते, मग एकदम कोसळते. तिथे निगेटिव्ह केबलवर शंट बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजायला हवेत. मात्र एखादी वायर शंट चुकवून थेट बॅटरीला जोडली, तर तिचा खर्च हिशेबात येत नाही. आणि शंटचा मीटर बॅटरीची क्षमता स्वतः शोधत नाही, तुम्ही भरलेला आकडाच धरतो. मीटरमध्ये १०० अँपिअर-अवर टाकलेत आणि जुनी बॅटरी ७० वर आली असेल, तर तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच दिवे जातात.