घरचा वाजवायचा कीबोर्ड बिघडला तर...

आधी हे तपासा

- मुकी पट्टी : पट्ट्यांखाली रबराची स्ट्रिप असते, तिच्या पोटाशी कार्बनचे काळे ठिपके. धूळ बसली की संपर्क तुटतो. स्ट्रिप आणि खालचा सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. पूर्ण वाळल्यावर जोडा.
- आवाज कमीजास्त : टच-सेन्सिटिव्ह कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीला दोन संपर्क. ते जुळण्यातल्या वेळेच्या अंतरावरून आवाजाचा जोर ठरतो. एक मळला तरी हा जोर बिघडतो.
- खरखर : बहुधा व्हॉल्यूमच्या बटणातली धूळ. उपाय : कॉन्टॅक्ट क्लीनर.
- अ‍ॅडॉप्टर : व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी, दोन्ही जुळायला हवीत. जुन्या कॅसिओंत बहुधा ९ व्होल्ट, आतली पिन ऋण; यामाहात बहुधा १२ व्होल्ट, आतली पिन धन.
- सेल : वापर नसेल तेव्हा काढून ठेवा. गळलेला सेल स्प्रिंग गंजवतो.
- सोल्डरिंग : जमत नसेल तर छत्रपती संभाजीनगरात पैठण गेट परिसरातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचारा.
- भंगार : ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू. नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या.
- सावधान : थेट २३० व्होल्टवर चालणारे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासारखे वाद्य प्लग काढल्याशिवाय उघडू नका.