व्यसनमुक्ती चळवळीतील अवचट दांपत्याचे योगदान : एक विवेचन

बीजसंज्ञा : व्यसनाधीनता, मुक्तांगण, समूहोपचार, कुटुंब, पुनर्वसन

प्रस्तावना :

व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, असा समज भारतीय समाजात दीर्घकाळ रूढ आहे. त्यामुळे व्यसनी व्यक्तीला उपदेश करणे, शपथ घ्यायला लावणे किंवा घराबाहेर काढणे हेच उपाय मानले गेले. वस्तुतः अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्येच मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले होते. हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याचे कार्य ज्या संस्थांनी केले, त्यांत पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांच्या लेखणीमुळे हे केंद्र मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. परंतु त्यामागील उपचारपद्धती घडविणाऱ्या डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांच्या वाट्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात या दांपत्याच्या कार्याचा एकत्रित विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

दोघांचेही शिक्षण वैद्यकशास्त्राचे. सुनंदा अवचट मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत होत्या. त्यांच्या नोकरीच्या आधारामुळेच अनिल अवचट वैद्यकीय व्यवसाय सोडून सामाजिक प्रश्नांवरील लेखनाकडे वळू शकले. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर अर्थात गर्द शहरांतील तरुणांपर्यंत पोहोचली. अनिल अवचट यांनी या प्रश्नावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झाले. म्हणजेच एका दांपत्याच्या कार्याला दुसऱ्या दांपत्याच्या संवेदनशीलतेचे पाठबळ लाभले.

कार्यपद्धतीचे स्वरूप :

व्यसनी पदार्थाच्या सततच्या सेवनाने शरीराला त्याची सवय होते व मात्रा वाढत जाते. पदार्थ अचानक बंद केल्यास अंगदुखी, निद्रानाश, उलट्या, तर मद्याच्या बाबतीत कंप, भ्रम व प्रसंगी झटके उद्भवतात. म्हणून पहिला टप्पा वैद्यकीय देखरेखीचा असतो. मात्र शरीर शुद्ध झाले म्हणजे व्यसन सुटले असे होत नाही. मनाची ओढ, जुने मित्र आणि रिकामा वेळ व्यक्तीला पुन्हा तेथेच नेतात. त्यासाठी मुक्तांगणमध्ये ३५ दिवसांच्या निवासी उपचारात समूहोपचार, व्यक्तिगत समुपदेशन, योग, संगीत आणि दैनंदिन कामांतील सहभाग यांची सांगड घालण्यात आली. दाखल झालेल्यांना 'रुग्णमित्र' म्हटले गेले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढे कार्यकर्ते म्हणून उभे करण्यात आले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीचे सूत्रही हेच आहे : ज्याने तो त्रास भोगला, त्याचेच शब्द दुसऱ्या व्यसनीला खरे वाटतात.

कुटुंबाचा विचार :

व्यसनी पुरुषाच्या पत्नीची अवस्था बिकट असते. पगार घरी येत नाही, उधारी तिला फेडावी लागते, कार्यालयात 'ते आजारी आहेत' असे तिलाच कळवावे लागते आणि शेवटी 'हिच्यामुळेच तो पितो' हा दोषही तिच्याच माथी येतो. ही ओळख चळवळीला जगभर उशिरा पटली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या एका संस्थापकाच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने कुटुंबीयांसाठीचा अल-अॅनॉन हा स्वतंत्र गट १९५१ मध्ये आकाराला आला. मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला गेला. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पत्नीला उपचारात सहभागी करून घेणे म्हणजे पतीच्या व्यसनमुक्तीची जबाबदारी तिच्यावर टाकणे नव्हे. नवऱ्याचे व्यसन आपल्यामुळे जडले नाही आणि ते सोडविणे केवळ आपल्या हाती नाही, हे तिला उमगणे हाच तिच्या स्वतःच्या सुटकेचा प्रारंभ असतो.

वारसा :

कर्करोगाशी झुंज देत सुनंदा अवचट यांनी कार्य सुरू ठेवले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्था मात्र थांबली नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर व व्यसनमुक्त कार्यकर्त्यांनी ती पुढे नेली. 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकातून अनिल अवचट यांनी हा प्रवास शब्दबद्ध केला. याच काळात गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने वेगळी वाट चोखाळली. तेथील लोकआंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. एका दांपत्याने उपचाराचे, तर दुसऱ्याने पुरवठा रोखण्याचे दार उघडले. ही दोन्ही कार्ये परस्परपूरक आहेत.

समारोप :

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात 'बटन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्यांचा प्रश्न तरुणांच्या संदर्भात वारंवार पुढे येतो. अशा वेळी वर्गात सातत्याने गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिस्तभंगाचे प्रकरण म्हणून पाहावे की आजाराची शक्यता म्हणून, हा प्रश्न प्राध्यापकांपुढे आहे. विद्यार्थ्याला काढून टाकल्याने महाविद्यालयाची हजेरीपत्रिका स्वच्छ होते, व्यसन मात्र घरी परतते, आणि तेथे त्याची आई किंवा बहीण एकटी असते. अवचट दांपत्याच्या कार्याचे सार हेच की, व्यसनी माणसाला माणूस मानले आणि त्याच्या घरालाही उपचारात स्थान दिले, तर परतीची वाट शक्य होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून महाविद्यालयांनी समुपदेशकांशी कायमचा संपर्क ठेवणे व पालकांना विश्वासात घेणे, हा त्या वाटेवरील पहिला टप्पा ठरू शकेल.